गुरुजींच्या पायजम्याचं अस्तर

जानेफळच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे, आणि पन्नासेक वर्षं मी फक्त पुरुषांचेच कपडे शिवत आलो. माणूस समोर उभा राहिला की चेहऱ्याआधी मला त्याची कंबर दिसते. गावातल्या पुरुषांचं मला जे ठाऊक आहे ते त्यांच्या बायकांनाही ठाऊक नसेल, असं मी पूर्वी फुशारकीनं सांगायचो. आता नाही सांगत. जे कळलं त्याचं मी काय केलं, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल.

हे गुरुजींविषयी आहे. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात उर्दू, आणि मराठी मला यायची ती गल्लीत खेळण्यापुरती. घरात पुस्तक नाही म्हटल्यावर गुरुजींनी मला त्यांच्या ओट्यावर बसवून वाचायला लावलं. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळं. पुढं माझी शाळा सुटली, मी वडिलांच्या मशीनवर बसलो आणि गुरुजी माझे गिऱ्हाईक झाले. दर दिवाळीला दोन पांढरे सदरे, दोन पांढरे पायजमे. निवृत्त झाल्यावरही त्यात बदल नाही. त्यांच्या मापासाठी मला वही उघडावी लागत नसे.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी ते अवेळीच दुकानात आले. दिवाळी लांब होती. पिशवीतून त्यांनी चॉकलेटी रंगाचं कापड काढून टेबलावर ठेवलं.

"याचे दोन पायजमे शिव."

"पांढरं काऊन सोडलं, गुरुजी?"

"मळते लवकर."

काळ्या मातीच्या गावात उभा जन्म पांढऱ्या कपड्यात काढलेला माणूस हे सांगत होता. मी मान डोलावली. दोन गिऱ्हाइकं आधीची होती म्हणून त्यांना बसायला सांगितलं. अर्ध्या तासात ते दोनदा उठून दुकानामागं जाऊन आले. दुसऱ्या वेळी बराच वेळ लागला. माप घ्यायला उभे राहिले तेव्हा त्यांनी घडी केलेला पेपर पुढं धरला होता.

"पेपर घ्या ना बाजूले," मी म्हणालो, कारण टेप फिरत नव्हती.

त्यांनी तो हळूच बाजूला घेतला. पांढऱ्या पायजम्यावर पुढं बटणाएवढा ओला डाग होता. मी गुडघ्यावर बसलेलो, डाग माझ्या डोळ्यांसमोर. मी तो पाहिला हे त्यांना कळलं आणि त्यांना कळलं हे मला कळलं. मग मी मोठ्यानं "छत्तीस" म्हणालो आणि वहीत लिहायला वळलो.

त्या पायजम्यांवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी नवरदेवाच्या कोटावरही कधी घेतली नसेल. पुढच्या भागात, आतून, जुन्या टॉवेलचं मऊ कापड आणि त्यावर सुती पट्टी, असे दोन थर लावले. शिवण अशी दाबली की बाहेरून फुगवटा दिसू नये. नाडीची गाठ सुटायला वेळ लागतो म्हणून नेफ्यात इलास्टिक घातलं. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. न्यायला आले तेव्हा पायजमा हातात घेऊन त्यांनी आत बोटं फिरवली. बोटं अस्तरावर थांबली.

"शहाणा झाला बे तू," ते म्हणाले.

शाळेत त्यांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती. त्या दिवशी मी घरी गेलो तो तरंगतच.

आता जे सांगायचं ते सांगतो. ते असं लिहायला मला सात वर्षं लागली.

तोच डाग गुरुजींच्या वर्षभर आधी माझ्याही कपड्यावर पडत होता. आमच्यात नमाजाआधी वुजू करतात, हातपाय-तोंड धुऊन पाक होतात. कपड्यावर लघवीचा थेंब पडला की ती पाकी गेली. मी वुजू करायचो, उभा राहायचो आणि वाकलो की थेंब. परत धुवा, परत उभे राहा. धार बारीक झाली होती. जाऊन आलो तरी मोकळं वाटायचं नाही, तासाभरात पुन्हा जावं लागायचं. मशिदीत मी मागच्या रांगेत उभा राहू लागलो, मग घरीच नमाज पढू लागलो. सोबतचे विचारू लागले तेव्हा गुडघ्यांचं नाव सांगितलं. पण मनाला ते टोचत राहिलं, आणि म्हणून मी दवाखान्यात गेलो. तब्येतीची काळजी वगैरे नव्हती. नमाज मोडत नसती तर मीही अस्तरच लावून घेतलं असतं.

जवळच्या मेहकरात कुणीतरी ओळखीचं भेटेल म्हणून दोन गाड्या बदलून बुलढाण्याला गेलो. घरी सांगितलं, अस्तराचं कापड आणायला चाललो. दवाखान्यात बाकावर सगळे माझ्याच वयाचे, आणि सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलेले. सोनोग्राफीसाठी पाणी पाजून पाजून थांबवून ठेवलं, आणि ज्याला थांबताच येत नाही त्याला थांबवून ठेवणं म्हणजे काय ते मला विचारा. रक्त घेतलं. मग डॉक्टरनं कुशीवर झोपवून मागच्या वाटेनं हातमोज्याचं बोट घालून तपासलं. मी भिंतीकडं तोंड करून कलमा म्हणत होतो. तो संपायच्या आत तपासणी संपली.

डॉक्टरनं नीट समजावलं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात तिला. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते, लघवीच्या नळीला दाबते, म्हणून हे सगळं होतं. माझी वाढ साधी होती. गोळी दिली, चहा कमी करायला सांगितलं, आणि वर्षातून एकदा दाखवायला या म्हणाले. मी उठलो तेव्हा म्हणाले, "साधं आहे, पण साधं आहे हे तपासल्यावरच कळतं. तिथं कॅन्सरही होतो, आणि सुरुवातीला तो कधीकधी काही त्रासच देत नाही. ओळखीच्यांना सांगत जा."

मी हो म्हणालो. पिशवीत गोळ्यांवर दोन मीटर अस्तराचं कापड टाकलं, घरी खोटं ठरू नये म्हणून, आणि परत आलो. महिन्याभरात मी पुन्हा पहिल्या रांगेत उभा होतो.

ओळखीच्यांना सांगत जा. गुरुजी तर त्या ओट्यापासूनचे ओळखीचे होते. ते पेपर पुढं धरून माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा माझ्याच गल्ल्याच्या खणात त्या गोळ्यांचं पाकीट होतं. "गुरुजी, मलेही हेच होतं, बुलढाण्याले डॉक्टर आहे," एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणालो. आपल्याकडं त्या जागेचं दुखणं म्हटलं की लोक हसतात, नाहीतर तरुणपणी काय उद्योग केले ते विचारतात. दुकानात बसून मी स्वतः अशा माणसांवर हसलो होतो. आणि ज्यांनी मला पाढे शिकवले त्यांना मी बोट घालून तपासतात हे कोणत्या तोंडानं सांगू, असं मी स्वतःला समजावलं. त्याला मी आदर म्हणत होतो. तो आदर नव्हता, माझी लाज होती, आणि तिच्यापायी मी त्यांना तसंच सोडलं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं गुरुजींना झेंड्यासाठी बोलावलं. आदल्या वर्षी त्यांनी तब्येतीचं कारण देऊन नाही म्हटलं होतं. या वेळी गेले, उन्हात उभे राहिले, तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "तुह्या पायजम्याची कमाल आहे." मी हसून चहा मागवला. चहा. डॉक्टरनं मला कमी करायला सांगितलेला चहा मी त्यांना पाजला.

हळूहळू बाकीचेही येऊ लागले. कुणाला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पुरुष असलं काही एकमेकांना सांगत नाहीत, तरी ते येत होते. सुलतानपूरचा एक दुकानदार आला, कापड टेबलावर ठेवून बाहेर बघत म्हणाला, "गुरुजीले शिवला तसा." मी काही न विचारता माप घेतलं. एकानं बापाला आणलं, पुढच्या वर्षी स्वतःसाठी आला. अशा गिऱ्हाइकांच्या मापापुढं मी वहीत एक छोटी फुली करत असे, म्हणजे दुकानातल्या कारागिरानं अस्तर विसरू नये. त्या फुल्यांची माणसं अजून गावात फिरतात. काहींची वाढ साधीच असेल, बहुतेकांची असेल. पण कुणाची काय आहे ते ना त्यांना माहीत, ना मला, आणि त्यांना ते माहीत करून घ्यायची गरज पडू नये अशी सोय मी करून दिली होती.

गुरुजींचे पायजमे दरवर्षी होत राहिले. चौथ्या वर्षी माप चौतीसवर आलं. मी म्हणालो, "गुरुजी, कमी खाता का?" ते म्हणाले, वयानं माणूस सुकतो. पाचव्या वर्षी तेहतीस, आणि टेप लावताना त्यांनी टेबलाला धरलं. कमरेत उसण भरली होती म्हणे, महिनाभर उतरत नव्हती. मी त्यांना तेल सांगितलं. माझ्या हातात टेप होती, समोर वहीत पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक होते, आणि मी तेल सांगितलं. पुढं तीन महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंनी तेच पायजमे पाठवले, कमरेत आवळायला. मी ते उसवले, दीड इंच आत घेतले, आणि इस्त्री करून परत पाठवले.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी त्यांना खाटेवरून उठताच येईना. मुलांनी आधी अकोल्याला, मग नागपूरला नेलं. धाकटा मुलगा परत आला तेव्हा माझ्या दुकानासमोर गाडी लावून आत आला. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत गेलाय, असं त्यानं सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले, लघवीचा त्रास कदाचित साध्या वाढीचाच असेल," तो म्हणाला. "पण त्या त्रासासाठी जरी वेळेवर आले असते, तरी हेही तेव्हाच सापडलं असतं. त्यांना त्रास होता हे आम्हाला कळलंच नाही हो, काका. कपडे तर नेहमी कोरडे असायचे."

तो बोलत होता आणि मी सुईत दोरा ओवत होतो. ओवलेला काढून पुन्हा ओवत होतो. तो गेल्यावर मी शटर ओढलं.

मी त्यांना भेटायला गेलो नाही. एक आठवडा, दोन आठवडे. इंजेक्शनं चालू होती, दुखणं कमी झालंय, घरी आणलंय, असं कानावर येत होतं. मी नमाजात त्यांच्यासाठी दुआ मागायचो, आणि मागताना मला माझीच शरम वाटायची, कारण मी ज्या कोरड्या, पाक कपड्यात उभा होतो ते माझ्या गोळीमुळं. शेवटी त्यांचाच निरोप आला, टेप घेऊन ये.

गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. दोन्ही मुलं ओसरीत बसली होती. गुरुजी आतल्या खोलीत उशांना टेकून होते, लुंगी नेसलेले. लघवीची नळी लावली होती आणि खाटेच्या दांडीला पिशवी लटकत होती.

"ये," ते म्हणाले. "या पिशवीले काही शिवता येते का पाह्य. लोक भेटायले येतात, त्याइच्या नजरेले दिसते."

मी खाली बसलो. टेप काढली, पिशवीची लांबी धरली. हात थांबला. पुन्हा तेच करायला निघालो होतो. टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"गुरुजी, मले एक सांगायचं आहे."

"सांग."

"तुम्ही चॉकलेटी कापड घेऊन आलते ना, त्याच्या वर्षभर आधी मलेही तसंच होऊन राह्यलं होतं. तेच थेंब. मी बुलढाण्याले जाऊन दाखवून आलो. गोळी लागू पडली मले. मले सारं ठाऊक होतं, गुरुजी. डॉक्टरनं लोकाइले सांगा म्हणून बजावलंही होतं. तुम्ही समोर उभे होते अन् मी नाही सांगितलं."

ते माझ्याकडं बघत राहिले. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराकडं बघत तसे नव्हे. तसं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

"डॉक्टरनं किती वेळ तपासलं तुले?" त्यांनी विचारलं.

"बोलणं धरून दहा मिनिटं असतील."

"अन् माह्या एका पायजम्याले किती वेळ लागे?"

त्यांनी वाट पाहिली, पूर्वी पाहत तशीच, उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही.

"अस्तर धरून तीन तास," मी म्हणालो.

मी रडत होतो, आणि त्यांनी मला रडू नको असं म्हटलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. मला माफी द्यायची घाई त्यांनी केली नाही. त्यांनी पाणी मागितलं. मी प्यायला दिलं. मग ते म्हणाले, "चूक माहीही आहे. दोन पाय होते मले, जाता आलं असतं. मीही लाजलो." पाणी पिऊन ग्लास माझ्या हातात देत पुढं म्हणाले, "बाहेर दोघं बसले आहेत. एक पन्नाशीचा झाला, एक टेकला. बापाले असलं तर पोराइनं आधीच तपासून घ्या लागते, असं नागपूरचा डॉक्टर मले म्हणाला. मी बाप आहे, माह्या तोंडून निघत नाही. तू जाऊन सांग. बोटाचंही सांग. काही झाकू नको."

मी ओसरीत आलो. दोघंही शिकलेले, थोरला स्वतः शाळेत मास्तर. माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसलो नाही, बसलो असतो तर हवापाण्याचं बोलून उठलो असतो. उभ्यानंच सांगितलं. माझे थेंब, मागची रांग, बुलढाणा, रक्त, सोनोग्राफी, बोट, गोळी, सगळं. आतल्या स्वयंपाकघरात सूनबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, त्यांनाही ऐकू जात असणार. मग अस्तराचंही सांगितलं. पाच वर्षं तुमच्या वडिलांचे कपडे कोरडे का असायचे ते सांगितलं.

धाकटा उठून अंगणात गेला. माझ्याकडं न बघता गेला, आणि अजूनही तो माझ्याशी बोलत नाही. ते बरोबरच आहे.

थोरला बसून राहिला. मग उठून आत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. तिच्यात गडद निळं कापड होतं, नवं, दुकानाची घडीही न मोडलेलं.

"बाबांच्या पायजम्याला आत काय लावलंय ते मी गेल्या महिन्यात पाहिलं," तो खाली बघत म्हणाला. "हे तुमच्याकडंच घेऊन येणार होतो, काका. आठ-दहा महिने झाले मला."

मघाशी माझ्यासाठी ओढलेल्या खुर्चीवर मी बसलो. कापड त्याच्याच मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, हे मी शिवणार नाही, उद्या सकाळच्या गाडीनं आपण दोघं बुलढाण्याला जाऊ, मी दारापर्यंत सोबत येतो.

तो नखानं कापडाची कड उकलत होता. मग अगदी हळू आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यानं विचारलं, "दुखते का?"

एवढाच प्रश्न होता. गुरुजींच्याही मनात त्या दुपारी तोच असेल, आणि विचारायला त्यांना गावात मीच एक माणूस होतो.

"नाही," मी म्हणालो. "दुखत नाही."